सरकारी शिष्यवृत्तीची पहिली मानकरी : नोबू कोदा

आपल्या मंडळाच्या संगीतवर्गात ज्या भगिनी पेटी शिकतात, त्यांना हे ठाऊक असेलच, की पेटी हे वाद्य मूळचे आपले नव्हे. युरोपातून ते आले आणि भजनापासून नाट्यगीतापर्यंत आपल्या घरात असे काही रुळले, की आज त्याला परके म्हणायला कोणी धजणार नाही. पण पेटी आपल्याकडे आली ती आपल्या पायांनी. ती शिकायला म्हणून कोणा सरकारने कोणाला साता समुद्रांपलीकडे धाडले नव्हते.

जपानात मात्र वेगळे घडले. तिथे सरकारनेच ठरवले, की आपल्या मुलांना पाश्चात्त्य संगीत आले पाहिजे. त्यासाठी कचेरी उघडली, परदेशी शिक्षक आणवले, शाळा काढली. आणि १८८९ साली, सरकारी खर्चाने संगीत शिकण्यासाठी, पहिली व्यक्ती परदेशी रवाना केली. ती व्यक्ती म्हणजे एकोणीस वर्षांची एक मुलगी होती. तिचे नाव नोबू कोदा. तिची हकीकत आपल्या भगिनींना सांगावी असे फार दिवस मनात होते. स्मरणिकेच्या निमित्ताने तो योग आला.

नोबूचा जन्म १८७० सालचा, तोक्यो शहरातला. त्याआधी दोनच वर्षे शोगुनांची राजवट संपून सम्राट मेइजी यांचा कारभार सुरू झाला होता. कोदा घराणे शोगुनांच्या गढीत पिढ्यान्‌पिढ्या चाकरीस होते. पेशवाई बुडाल्यावर पुण्यातल्या कितीतरी घराण्यांची जी दशा झाली, तशीच काहीशी या घराची झाली. मान होता, पण मिळकत गेली. तरी घरात विद्येचे आणि गाण्याचे वातावरण होते. आईला नागाउता, म्हणजे शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीने गायचे गाणे, फार प्रिय. नोबूचे कान त्या सुरांवरच तयार झाले. या एका आईची मुले पाहिली म्हणजे थक्क व्हायला होते. एक मुलगा नौदलातला अधिकारी, जो पुढे उत्तरेच्या कुरील बेटांच्या मोहिमेमुळे देशभर गाजला. दुसरा रोहान कोदा, जपानी साहित्यातला अग्रगण्य कादंबरीकार. आणखी एक इतिहासाचा पंडित. आणि नोबू व को या दोघी बहिणी संगीतात.

आता सरकारच्या मनात हे संगीताचे खूळ शिरले कसे, तेही पाहिले पाहिजे. १८७२ साली शिक्षणाचा नवा कायदा झाला, त्यात शाळेच्या विषयांत गायनही होते. पण शिकवणार कोण? म्हणून तूर्त हा विषय वगळावा, असेही तिथेच नमूद केले गेले. पुढे शिक्षणखात्याने शूजी इसावा नावाच्या तरुणाला अमेरिकेत पाठवले. तो तेथील अध्यापक विद्यालयात सगळ्या विषयांत हुशार ठरला, पण गाण्याच्या तासाला त्याचा सूर काही केल्या लागेना. मुख्याध्यापकांनी दयाळूपणे त्याला तो विषय माफ केला, तेव्हा या माणसाला अपमान वाटून रडू कोसळले. मग बॉस्टनच्या ल्यूथर व्हायटिंग मेसन या संगीतशिक्षकाकडे जाऊन त्याने गळा सुधारला.

सूर न लागण्यात त्याचा दोष नव्हता. जपानी कानाला त्या सप्तकातले सगळेच स्वर ओळखीचे नव्हते. मेसनसाहेबांनी आणि इसावांनी यावर काढलेली तोड आपल्याला चटकन कळेल. आपला भूप आठवावा. मध्यम आणि निषाद सोडले की जे पाच स्वर उरतात, त्यांत बसणारी गाणी जपानी मुलांना सहज येत. स्कॉटलंडच्या पुष्कळ लोकगीतांची चाल नेमकी अशीच. १८८१ साली जे पहिले शालेय गीतपुस्तक निघाले, त्यात स्कॉटलंडची चाल आणि जपानी शब्द असे काजव्यांच्या उजेडाचे एक गाणे होते. ते आजही तिथल्या शाळांच्या निरोपसमारंभात गातात.

सरकारचा हेतू काही कलेच्या प्रेमाचा नव्हता, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. मुलांची छाती सुधारावी, एकत्र गाऊन शिस्त यावी, चांगल्या शब्दांचे संस्कार व्हावेत, आणि पाश्चात्त्यांनी आपल्याला बरोबरीचे मानावे, असा तो व्यवहारी हिशेब होता. १८७९ साली इसावांच्या हाताखाली संगीताच्या अभ्यासाची सरकारी कचेरी निघाली आणि १८८० साली मेसनसाहेब जपानात आले.

ते शाळांतून गाणी शिकवीत फिरत, तेव्हा अध्यापिका विद्यालयाला जोडलेल्या प्राथमिक शाळेत त्यांना ही नोबू भेटली. पोरीचा कान त्यांनी ओळखला आणि तिला वेगळा वेळ देऊन पियानो शिकवायला सुरुवात केली. पुढे ती त्या सरकारी कचेरीच्या वर्गातच दाखल झाली. १८८५ साली पूर्ण अभ्यासक्रम संपवून पहिली तुकडी बाहेर पडली, त्यात तिघीच होत्या, आणि तिघीही मुली. भगिनींना याचे नवल वाटेल. पण कारण साधे आहे. सामुराई घरातल्या मुलाने वाद्य वाजवून पोट भरावे हे कमीपणाचे मानले जाई. मुलीने शिक्षिका होऊन शाळेत गाणे शिकवावे, याला मात्र हरकत नव्हती. पुरुषांनी हलके म्हणून बाजूला टाकलेले काम बायकांच्या वाट्याला यावे आणि त्यांनी त्याचे सोने करावे, हे आपल्याकडेही घडलेले आहे. त्या कामाला मान मिळू लागला, की मग पुरुषांना त्याची आठवण होते. नोबूच्या बाबतीत पुढे तेही झाले.

१८८७ साली त्या कचेरीचे रूपांतर तोक्यो संगीत विद्यालयात झाले आणि पुढल्या वर्षी व्हिएन्नाहून रुडॉल्फ डिट्रिख नावाचे शिक्षक आले. नोबू त्यांच्याकडे व्हायोलिन शिकली. १८८९ साली तिला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. बॉस्टनमध्ये एक वर्ष काढून ती व्हिएन्नाला गेली आणि तिथे पाच वर्षे राहिली. व्हायोलिन हेल्म्सबर्गर यांच्याकडे, आणि संगीतरचना रॉबर्ट फुक्स यांच्याकडे. माहलर आणि सिबेलियस या मोठ्या रचनाकारांचे गुरू तेच. विसाव्या वर्षी, भाषा परकी, अन्न परके, हवा बोचरी, आणि सगळ्या शहरात आपल्यासारखा चेहरा क्वचितच. घरच्या पत्राला उत्तर येईपर्यंत महिने उलटत. आपण मुलीला परगावच्या वसतिगृहात ठेवताना किती विचार करतो, ते मनाशी आणून पाहावे.

इकडे मायदेशी तिच्या विद्यालयावरच गदा आली होती. १८९० साली जपानची पहिली संसद भरली, आणि सभासदांनी खर्चाला कात्री लावायला घेतली. गाण्याच्या शाळेवर सरकारने पैसा का उधळावा, ती बंद करावी, अशी मागणी झाली. शाळा कशीबशी वाचली, पण १८९३ साली तिचा स्वतंत्र दर्जा काढून ती अध्यापक विद्यालयाची शाखा केली गेली. तो दर्जा परत मिळायला १८९९ साल उजाडले. म्हणजे ज्या शाळेसाठी नोबू शिकत होती, ती शाळा परतताना जागेवर असेल की नाही, याचीच खात्री नव्हती. सरकारी आश्रयाचे हे असे असते. एक हात देतो, तेव्हा दुसरा हात परत मागायला पुढे आलेला असतो.

१८९५ च्या अखेरीस नोबूबाई परतल्या, त्या व्हायोलिन आणि पियानोसाठी एक सोनाटा रचूनच. १८९७ साली त्यांनी दुसरा लिहायला घेतला. जपानी माणसाने लिहिलेले या प्रकारचे हे पहिलेच संगीत. १८९६ च्या एप्रिलमध्ये उएनो येथील विद्यालयाच्या सभागृहात त्यांची मैफल झाली. त्यात त्यांनी मेंडेल्सनच्या व्हायोलिन रचनेचा पहिला भाग वाजवला, आणि शूबर्ट व ब्राम्स यांची गीतेही गायिली. व्हायोलिन, पियानो, गळा आणि रचना, चारही अंगांनी तयार असे दुसरे माणूस त्या वेळी देशात नव्हते.

मग पुढची बारा-तेरा वर्षे अध्यापनाची. रेन्तारो ताकी त्यांचा विद्यार्थी. पडक्या गढीवरच्या चांदण्याचे त्याचे गाणे जपानात आजही लहानथोरांच्या ओठांवर आहे. सरकारने त्याला जर्मनीला पाठवले, पण क्षयाने घेरून तो परतला आणि १९०३ साली तेविसाव्या वर्षी गेला. तामाकी मिउरा त्यांच्याच हाताखाली शिकली. पुढे १९१५ पासून लंडन-अमेरिकेत मादाम बटरफ्लाय या संगीतिकेची नायिका म्हणून तिने नाव कमावले. कोसाकू यामादा हा वृंदवादनाचा अध्वर्यूही त्याच विद्यालयातला, बाईंच्या शिकवणीतला. धाकटी बहीण को हिलाही १८९९ साली सरकारी शिष्यवृत्ती मिळून ती बर्लिनला गेली आणि थोर व्हायोलिनवादक योआखिम यांची शिष्या झाली.

नोबूबाईंचा पगार त्या काळच्या नोकरदार स्त्रियांत फार मोठा होता. त्यांनी लग्न केले नाही. शिकवण्यात त्या कडक होत्या. एवढे भांडवल वर्तमानपत्रांना पुरे झाले. विद्यालयात बायकांचेच राज्य आहे, कोदा भगिनींनी शाळा बळकावली आहे, अशा आशयाचा मजकूर येऊ लागला. त्यात वागणुकीविषयीच्या कंड्याही मिसळल्या. तोवर पाश्चात्त्य संगीताला प्रतिष्ठा आली होती, आणि विद्यालयातली वरची जागा पुरुषांच्याही डोळ्यांत भरू लागली होती. अखेर १९०९ साली त्यांना सक्तीच्या रजेवर घातले गेले. ज्या सरकारने एकोणिसाव्या वर्षी बोटीवर बसवले, त्याच सरकारने एकोणचाळिसाव्या वर्षी घरी बसवले. बाई पुन्हा विद्यालयात शिकवायला गेल्या नाहीत.

त्या कडक होत्या हे खरेच असावे. पण कडक पुरुष शिक्षकाला कोणी त्यापायी घरी बसवत नाही.

या अपमानावर त्यांनी वर्तमानपत्रांतून वाद घातला नाही. बोटीचे तिकीट काढून त्या युरोपात गेल्या. बर्लिन, व्हिएन्ना, पॅरिस, लंडन येथे संगीत ऐकत हिंडल्या, आणि रोज काय ऐकले, कोणाला भेटल्या, त्याची टाचणे ठेवली. ती रोजनिशी लिहिल्यानंतर शतकभराने, २०१२ साली छापून निघाली. १९१० साली परतून त्यांनी तोक्योतल्या आपल्या घरी पियानोचा वर्ग सुरू केला. थोरामोठ्यांच्या मुली तिथे शिकायला येत. घरातच मैफलीपुरते छोटे दालनही त्यांनी बांधून घेतले. घरचा वर्ग म्हटला की आपण त्याला दुय्यम समजतो. बाईंनी मात्र तो पुढे किती वर्षे चालवला आणि तिथे किती घरांत पियानो पोचला, याचा विचार केला म्हणजे सरकारी खुर्ची लहान वाटू लागते. १९१५ साली नव्या सम्राटांच्या राज्यारोहणाप्रीत्यर्थ त्यांनी वृंदगानासाठी रचनाही केली.

१९१९ सालची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तोकुगावा घराण्यातल्या एका सरदाराने कुरील बेटांकडे सफर काढली. ज्या बेटांनी नोबूबाईंच्या भावाचे नाव गाजवले, तीच ही बेटे. बाई त्या बोटीवर पियानो वाजवायला होत्या. बोटीवर शिनिची सुझुकी नावाचा विशीतला तरुण होता. वडिलांचा व्हायोलिन बनवण्याचा कारखाना, आणि हा ऐकून ऐकून वाजवायला शिकलेला. बाईंनी त्याचे वाजवणे ऐकून त्याला संगीतच शिकण्याचा आग्रह केला, आणि तोक्योला आल्यावर तो त्यांच्या बहिणीकडे शिकू लागला. लहान मूल आईची भाषा जसे ऐकून उचलते तसेच त्याला व्हायोलिन शिकवता येते, ही जगभर पसरलेली पद्धत याच सुझुकींची. आपल्या नातवंडांपैकी कोणी त्या पद्धतीने शिकत असेल, तर त्या धाग्याचे एक टोक या बोटीपर्यंत पोचते.

१९३७ साली सरकारला पुन्हा त्यांची आठवण झाली. राजकीय कला अकादमीचे सभासदत्व त्यांना दिले गेले. संगीतातल्या स्त्रीला हा मान प्रथमच मिळत होता. त्याच वर्षी भाऊ रोहान यांना राष्ट्राचे नवे संस्कृतिपदक मिळाले. विद्यालयातून बाहेर पडल्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती, आणि बाई सदुसष्ट वर्षांच्या होत्या.

महायुद्धाने तोक्यो बेचिराख झाले. युद्ध संपल्यावर वर्ष भरायच्या आत, १४ जून १९४६ रोजी, नोबूबाई वारल्या. पुढल्याच वर्षी रोहान गेले. रोहानांची मुलगी आया नावाजलेली लेखिका झाली. आपल्या या आत्यांविषयी तिने लिहून ठेवले आहे.

ते दोन सोनाटे बाईंच्या हयातीत छापले गेले नाहीत. आता जपानी वादक ते मैफलींत वाजवतात, त्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या आहेत. विद्यालयाचे १९४९ साली कला विश्वविद्यालयात रूपांतर झाले. १८९६ ची मैफल जिथे झाली ते लाकडी सभागृह मात्र पाडू दिले नाही. उएनोच्या बागेत हलवून ते जपून ठेवले आहे, आणि आजही तिथे मैफली होतात.