पाचगणीचा फारुख आणि पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे गाणे

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत १९५० च्या दशकाच्या मध्यावर झांजिबारहून आलेला आठ वर्षांचा एक पारशी मुलगा दाखल झाला. नाव फारुख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा. वडील बोमी झांजिबारमध्ये ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. घराण्याचे आडनाव गुजरातेतील बुलसार, म्हणजे आजचे वलसाड, या गावावरून आलेले. शाळेतील सोबत्यांनी त्याला फ्रेडी म्हणण्यास सुरुवात केली आणि तेच नाव जन्मभर टिकले. येथेच तो पियानो शिकला, शाळेच्या गायकवृंदात गायला आणि बाराव्या वर्षी मित्रांसह ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद उभा केला. पुढे जगभर कीर्ती मिळाल्यावर त्याने या दिवसांविषयी क्वचितच तोंड उघडले, हे खरे; पण त्याच्या संगीताची पहिली तालीम सह्याद्रीच्या या पठारावरच झाली.

१९६४ साली झांजिबारमध्ये क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेले. लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयातून फ्रेडीने आलेखन कलेची पदविका घेतली. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्यासह ‘क्वीन’ची स्थापना झाली, पुढच्या वर्षी बास गिटारवर जॉन डीकन आले. बुलसाराचा मर्क्युरी झाला.

सुरुवातीचे ‘क्वीन’ म्हणजे कर्कश, जड रॉक. त्यांच्या १९७४ च्या ‘स्टोन कोल्ड क्रेझी’ या गाण्याला पुढे ‘मेटालिका’ने हात घातला आणि १९९१ मध्ये मेटल संगीताचे ग्रॅमी पटकावले, यावरून त्या मुळांची कल्पना यावी. गाणी गाजत होती, पण खिसे रिकामे होते. १९७५ मध्ये जुन्या व्यवस्थापनाशी फारकत झाली, तेव्हा पुढचा अल्बम पडला असता तर वाद्यवृंदच मोडला असता.

अशा वेळी कोणीही सावध पाऊल टाकले असते. या चौघांनी नेमके उलट केले. ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या अल्बमसाठी त्यांनी त्या काळात अवाढव्य वाटेल असा खर्च केला. आठ मिनिटांहून लांब ‘द प्रॉफेट्स साँग’ त्यात आहे, जुन्या नाट्यगृहांतील हलकीफुलकी गीतेही आहेत. मात्र त्याचा कळस म्हणजे फ्रेडीने रचलेले ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. ध्रुवपद नाही, आधी पियानोवरचे करुण गीत, मग ऑपेरा, मग धडधडते रॉक. आमच्या सिरसाळ्याकडे हरिनाम सप्ताहात एका अभंगामागे टाळकऱ्यांची रांग उभी असते. येथे फ्रेडी, मे आणि टेलर या तीनच गळ्यांनी दिवसेंदिवस गाऊन, आवाजावर आवाज चढवून, अख्खा जमाव उभा केला. चोवीस मार्गांची ध्वनिफीत पुन्हा पुन्हा फिरवून इतकी झिजली की तिच्यातून उजेड दिसू लागला.

गाणे भरले ५ मिनिटे ५५ सेकंद. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यांची चलती असल्याने ध्वनिमुद्रिका कंपनीतील जाणत्यांना ते कापावेसे वाटत होते. फ्रेडी आणि त्याचे सहकारी हटले नाहीत. लंडनचे रेडिओ निवेदक केनी एव्हरेट यांनी हाती आलेली प्रत एका शनिवार-रविवारी पुन्हा पुन्हा वाजवली आणि श्रोत्यांची दुकानांत रीघ लागली. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी निघालेली ती तबकडी ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. २१ नोव्हेंबरला आलेल्या अल्बमनेही पहिले स्थान मिळवले. वाद्यवृंद तरला.

१३ जुलै १९८५ चा वेम्बली मैदानावरील ‘लाइव्ह एड’चा कार्यक्रम सर्वश्रुत आहे. आपल्याला एड्स झाल्याचे फ्रेडीने जाहीर केले ते २३ नोव्हेंबर १९९१ रोजी. दुसऱ्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लंडनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. अंत्यविधी पारशी धर्मगुरूंनी केले. त्याच डिसेंबरात न कापलेले ते गाणे पुन्हा निघाले, पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधील टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आले.