माणूस पारखणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर

मालवण तालुक्यातले किर्लोस हे गाव आपल्याला कृषी विज्ञान केंद्रामुळे ठाऊक आहे. पण किर्लोस्कर हे आडनाव याच गावावरून पडले, हे तिथे जाणाऱ्या पुष्कळांना माहीत नसते. घराणे फार पूर्वी घाटावर गेले. त्याच घराण्यात २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला लक्ष्मणराव जन्मले. लोखंडी नांगर काढणारे म्हणून त्यांना सगळे ओळखतात. त्यांनी माणसे कशी जोडली, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. आंबा-काजूच्या हंगामात कामाक माणूस गावणा नाय, गावलो तर टिकणा नाय, ही तक्रार आपल्याकडे घरोघरी असते. म्हणून आज तेवढेच सांगतो.

चित्रकलेच्या ओढीने लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे ध्यानात आले की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, पण रेघ पक्की होती. ते यंत्रांची रेखाटने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. थोरले बंधू रामुअण्णा यांच्याबरोबर सायकलचे दुकान चालवता चालवता त्यांनी कडबा कापायचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीला विष बाधते, असा तेव्हा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. पण त्यांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून नाद सोडला नाही. नवे वाण घेऊन बांधावर जाणाऱ्या आम्हा मंडळींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्जाची सोय केली. १० मार्च १९१० रोजी कुंडल रोड स्टेशनाजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सुरू झाली. निवडुंग आणि साप यांनी भरलेला तो माळ. तरी २५ कामगार बायकापोरांसह मालकामागून आले. सांगा बघू, आपल्यापैकी किती जणांचे गडी अशा ठिकाणी येतील?

ते का आले, याचे उत्तर वाडीतल्या माणसांत सापडते. अनंतराव फळणीकर शाळेत मागे पडलेले, पण यंत्रात डोके चालणारे. लक्ष्मणरावांनी त्यांचे डोके पाहिले, मार्क विचारले नाहीत. ते पुढे कल्पक इंजिनियर झाले. वाडीचा कारभार रामुअण्णांकडे, हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे. ज्याचे काम त्याच्याकडे सोपवलेले. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे दरोड्यात शिक्षा झालेले. त्यांना लक्ष्मणरावांनी वाडीचे पहारेकरी नेमले. गावाने ज्यांच्या भीतीने दारे लावली, त्यांच्याच भरवशावर वाडी निर्धास्त झोपू लागली. वाडीत शिवाशिवीला थारा नव्हता. कामगाराला मजुरीबरोबर राहायला घर होते, आणि वस्ती आपली आहे असे त्याला वाटत होते.

याचा अर्थ डोळे मिटून कुणावरही विसंबावे असा नाही. लक्ष्मणराव आधी माणूस पाहत, त्याला जमेल ते काम देत आणि मग काम त्याच्यावर सोडत. रंगांत आपण कमी पडलो तरी रेघेत पडलो नाही, हे त्यांनी स्वतः भोगले होते. म्हणून दुसऱ्यातली रेघ त्यांना दिसली असावी.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

आपल्याकडे कारखाना नाही, दोन-चार गडी असतात, ग्रामपंचायतीत एखादा शिपाई असतो. त्यांच्याशी दिवसभरात आपण किती वेळा खेकसतो आणि किती वेळा विश्वासाने काम सोपवतो, ते मोजून बघा. कलम बांधायचा हात कुणाचा हलका, पंप कुणाला कळतो, हिशेबाला कोण चोख, एवढे जरी पाहिले तरी माणूस टिकेल. मजुरी वेळेवर द्यायचीच. पण मजुरी दुसरा चार रुपये वाढवून देतो. आपल्यावर सोपवलेले काम सोडून जाणे माणसाला जड जाते.