दादासाहेब खापर्डे : एका निष्ठेचा हिशेब

रमजान हा स्वतःचा हिशेब घेण्याचा महिना. आपण जे मानतो ते मनापासून मानतो की सवयीने, हा प्रश्न रोजेदाराला कधी ना कधी पडतोच. दीनाच्या बाबतीत पडतो तसा तो राजकारणाच्या बाबतीतही पडायला हवा. म्हणून आज या पानावर आपल्याच अमरावतीच्या एका वकिलाची आठवण. खापर्डे बगीच्यातून आपण नेहमी ये-जा करतो. पण गणेश श्रीकृष्ण ऊर्फ दादासाहेब खापर्डे नव्या पिढीला फारसे ठाऊक नाहीत.

त्यांचा जन्म १८५४ चा. मुंबईत शिक्षण झाले, काही वर्षे सरकारी नोकरी केली आणि १८९० पासून अमरावतीत वकिली सुरू केली. कमाई मोठी आणि हात त्याहून सैल. त्यांचा थाट पाहून लोक त्यांना वऱ्हाडचा नवाब म्हणत. डिसेंबर १८९७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले, तेव्हा स्वागताध्यक्ष दादासाहेबच होते. त्या वेळी त्यांचे मित्र लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. अशा माणसाची मैत्री उघडपणे मिरवणे वकिलाला परवडणारे नव्हते. दादासाहेबांनी ती कधी लपवली नाही.

१९०८ साली टिळक अकोल्याला शिवजयंतीच्या उत्सवासाठी आले होते. शेगावच्या गजानन महाराजांच्या कथेमुळे ती सभा वऱ्हाडात घरोघरी माहीत आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेले गेले. दादासाहेबांनी चालती वकिली सोडली आणि ऑगस्टमध्ये विलायतेची बोट धरली. प्रिव्ही कौन्सिलात अपील चालावे म्हणून ते दोन वर्षे झटले. हाती काही लागले नाही. परतीच्या वाटेवर मंडालेला जाऊन टिळकांना भेटले आणि १९१० च्या अखेरीस रिकाम्या हाताने घरी आले.

त्या डिसेंबरात ते पहिल्यांदा शिर्डीला गेले. पुढच्या डिसेंबरात पुन्हा गेले ते मार्च १९१२ पर्यंत तिथेच राहिले. सहकारी पांगलेले, नेता कैदेत, पक्ष विस्कटलेला; आणि वऱ्हाडचा हा नवाब रोज एका जुन्या मशिदीत, धुनीजवळ, एका फकिराच्या पायाशी बसत होता. साईबाबा त्या मशिदीला द्वारकामाई म्हणत. तिथे अल्लाचे नाव चाले आणि आरतीही होई. दादासाहेब पंचदशीच्या वाचनाला बसत आणि रोजनिशी लिहीत. घरी जाण्याची परवानगी ते पुन्हा पुन्हा मागत आणि पुन्हा पुन्हा थांबत. त्या रोजनिशीत राजकारणाला फारशी जागा नाही. पण तिथून परतलेला माणूस टिळकांपासून दूर गेला नाही. १९१४ मध्ये टिळक सुटले तेव्हा दादासाहेब त्यांच्या बाजूलाच उभे होते. होमरूलच्या चळवळीतही ते सोबत राहिले, आणि १९१७ मध्ये टिळकांना त्यांनी शिर्डीलाही नेले.

खरी परीक्षा पुढे होती. १ ऑगस्ट १९२० रोजी टिळक गेले. महिनाभरात कलकत्त्याला काँग्रेसने गांधीजींचा असहकार स्वीकारला. खिलाफत कमिटी सोबत होती. हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून रस्त्यावर उतरले. कौन्सिलांवर बहिष्कार, कोर्टांवर बहिष्कार. दादासाहेबांना हे पटले नाही. मिळाले ते घ्यावे, कौन्सिलात शिरावे, तिथून उरलेल्यासाठी भांडावे, ही टिळकांची वाट त्यांनी धरून ठेवली. ते निवडणुकीने कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले आणि १९२५ पर्यंत तिथे होते. ज्या काँग्रेसचे त्यांनी अमरावतीत स्वागत केले, तिच्यापासूनच ते तुटले.

ते चुकले का? उत्तर सोपे नाही. १९२३ मध्ये चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंचा स्वराज्य पक्षही कौन्सिलात शिरला. म्हणजे दादासाहेबांची शंका अगदीच वेडी नव्हती. पण लाखो साधी माणसे पहिल्यांदा निर्भय झाली ती असहकारात, आणि त्या गर्दीत दादासाहेब नव्हते. गेलेल्या मित्राची वाट न सोडण्याची ही किंमत होती. ती त्यांनी मुकाट्याने दिली. १ जुलै १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्याकडे पक्ष बदलणारे पुष्कळ, आणि एकदा धरलेले मत न तपासता कवटाळून बसणारेही पुष्कळ. दादासाहेबांनी थांबून, मशिदीच्या पायरीवर महिनोन्‌महिने बसून, मग पुन्हा तीच वाट धरली. शंका येणे म्हणजे इमान जाणे नव्हे. रोजेदारालाही दुपारी पाण्याचा माठ दिसतोच; रोजा टिकतो तो नीयतीवर, आणि नीयत रोज नव्याने करावी लागते. आज इफ्तारला वेगवेगळ्या मतांची माणसे एका दस्तरखानावर बसतील. समोरच्याचे मत पटले नाही, तरी ते त्याने कशाच्या बदल्यात जपले आहे, एवढे विचारायला काय हरकत आहे?