रेनकोटचे जनक चार्ल्स मॅकिन्टॉश : जीवन परिचय



सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एक ओळीचा प्रश्न असतो : रेनकोटचा शोध कोणी लावला? उत्तर : चार्ल्स मॅकिन्टॉश. मीही कित्येक वर्षं हे उत्तर मुलांकडून पाठ करून घेतलं. मात्र त्या एका ओळीमागे काय आहे ते मागच्या पावसाळ्यापर्यंत मी कधी वाचलंच नव्हतं. वाचायची वेळ आली ती माझ्याच चुकीमुळे.

झालं असं, की जूनमध्ये माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई फ्लीसचं नवीन जॅकेट घेऊन शाळेत आली. बाजारातल्या विक्रेत्याने ते पावसातही चालेल म्हणून सांगितलं होतं. तिने मला विचारलं, बाई, खरंच चालेल ना? मी हात लावून पाहिलं. जाड, मऊ, उबदार. चालेल की, असं मी सांगून टाकलं. तिने रेनकोट घेतला नाही. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात पोरगा दोन किलोमीटर चालत आला तो नखशिखांत भिजून. जॅकेट पिळलं तर पाण्याची धार लागली. पुढचे तीन दिवस तो तापाने शाळेत आला नाही. त्या आईने मजुरीच्या पैशातून घेतलेली वस्तू माझ्या एका शब्दावर घेतली होती, हे मला फार लागलं. मग मी शोधायला बसले की कापड पाणी का पितं आणि कधी पीत नाही. त्या शोधात हा माणूस भेटला. चला तर मग, त्यांची ओळख करून घेऊया.

जन्म आणि बालपण

चार्ल्स मॅकिन्टॉश यांचा जन्म 29 डिसेंबर 1766 रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात झाला. वडील जॉर्ज मॅकिन्टॉश हे रंगांचे कारखानदार. त्यांच्या कारखान्यात कडबेअर नावाचा जांभळट रंग तयार व्हायचा. तो कशापासून, माहीत आहे? दगडफुलापासून! आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडतं, त्याच्याच कुळातल्या वनस्पतीसारख्या जीवापासून. त्यातून रंग उतरवायला अमोनिया लागायचा. त्या काळी अमोनिया मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे शहरातून गोळा केलेलं मानवी मूत्र. वर्गात हे सांगितलं की मुलं नाक मुरडतात, खिदळतात, पण विसरत मात्र नाहीत. आणि हा अमोनिया लक्षात ठेवा बरं का, पुढे याच्यामुळेच रेनकोट जन्माला आला.

शिक्षण आणि पहिली धडपड

चार्ल्स यांना तरुणपणी कारकुनीला लावण्यात आलं. पण त्यांचा जीव हिशेबाच्या वहीत नव्हता, रसायनांत होता. त्यांनी ग्लासगोत रसायनशास्त्राचे धडे घेतले, पुढे एडिंबरा येथे जोसेफ ब्लॅक या नामवंत शास्त्रज्ञांची व्याख्यानं ऐकली. विशीच्या आतच नोकरी सोडून ते रसायनं बनवण्याच्या धंद्यात उतरले. 1797 मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधला पहिला तुरटीचा कारखाना सुरू केला. कापडावर रंग पक्का बसायला तुरटी लागते, म्हणजे घरच्या धंद्याशी नातं होतंच.

त्याच काळात ते चार्ल्स टेनंट यांचे भागीदार होते. त्याआधी कापड पांढरं करायला ते कित्येक आठवडे उन्हात मैदानावर पसरून ठेवावं लागायचं. 1799 मध्ये टेनंट यांनी ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं आणि ते काम झटपट होऊ लागलं. आपल्या गावच्या विहिरीत पावसाळ्यात टाकतात तीच ही पावडर. तिच्या शोधात मॅकिन्टॉश यांचाही वाटा होता असं मानलं जातं, पण नाव राहिलं टेनंट यांचं. ही गोष्टही लक्षात ठेवा.

टाकाऊतून टिकाऊ

1819 च्या सुमारास ग्लासगोत गॅसचे दिवे आले होते. दगडी कोळसा तापवून हा गॅस काढत आणि मागे काळं डांबर व अमोनियाचं पाणी उरे. कंपनीला तो कचराच. मॅकिन्टॉश यांनी तो विकत घेण्याचा करार केला. त्यांना हवा होता रंगासाठी अमोनिया. पण डांबरही पदरात पडलं! ते तापवून त्यातून नॅफ्था नावाचं पातळ, झटकन उडून जाणारं, उग्र वासाचं तेल निघालं. आता एवढ्या नॅफ्थाचं करायचं काय? ते नुसतं ओतून न देता त्यांनी त्याचा उपयोग शोधायला सुरुवात केली.

आता रबराकडे येऊ. दक्षिण अमेरिकेतले मूळ रहिवासी रबराच्या झाडाचा चीक कापडाला लावून ते पाणीरोधक करत, आणि हे ज्ञान युरोपीय लोक तिथे पोहोचण्याआधीपासूनचं. पण चीक युरोपात पोहोचेपर्यंत घट्ट होऊन जाई. त्या गोळ्याचा उपयोग पेन्सिलीचं लिहिलेलं खोडण्यापुरता. तो पुन्हा पातळ कसा करायचा हाच प्रश्न होता. जेम्स साइम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला डांबरातून रबर विरघळवणारा द्रव मिळाला आणि 1818 मध्ये त्याने तो प्रसिद्धही केला. त्याने पेटंट मात्र घेतलं नाही. पुढे हाच साइम एडिंबराचा मोठा शल्यचिकित्सक झाला.

मॅकिन्टॉश यांनी रबराचे बारीक तुकडे नॅफ्थात विरघळवले, ते द्रावण कापडाच्या एका बाजूला फासलं आणि त्यावर दुसरं कापड दाबून बसवलं. बाहेर कापड, आत कापड, मध्ये रबराचा पातळ थर. आपल्या भाषेत सांगायचं तर कापडाचं सँडविच! चिकट रबर अंगाला लागत नाही आणि पाणी आत येत नाही. जून 1823 मध्ये त्यांना याचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व देऊन गौरवलं.

खरी परीक्षा पुढेच होती

बहुतेक पुस्तकं इथे गोष्ट संपवतात. खरं तर मॅकिन्टॉश यांची अडचण इथून सुरू झाली. मँचेस्टरमध्ये कारखाना निघाला, कोट विकले जाऊ लागले आणि तक्रारींचा पाऊस सुरू झाला.

पहिली तक्रार शिवणीची. शिंप्याने सुई घातली की रबराला भोक पडे आणि त्यातून पाणी झिरपे.

दुसरी तक्रार हवामानाची. थंडीत कोट पुठ्ठ्यासारखा कडक होई आणि उन्हात चिकट. शिवाय वास येई तो वेगळाच.

तिसरी तक्रार लोकरीची, आणि इथे मी वाचता वाचता थांबले. लोकरीत नैसर्गिक तेलकटपणा असतो. त्या तेलाने मधलं रबर खराब होऊ लागलं. आता आपली घोंगडी आठवा. धनगरबांधव घोंगडी पांघरून पावसात मेंढरांमागे फिरतात. थेंब घोंगडीवरून ओघळतात ते बऱ्याच अंशी याच तेलकटपणामुळे. म्हणजे जे तेल मेंढीला आणि मेंढपाळाला पावसापासून वाचवतं, त्याच तेलाने मॅकिन्टॉश यांचा कोट बिघडवला!

चौथी अडचण घामाची. पाणी आत येत नाही तसा घामही बाहेर जात नाही.

मॅकिन्टॉश यांनी हात टेकले नाहीत. लंडनमध्ये थॉमस हॅनकॉक रबरावर स्वतंत्रपणे काम करत होते. रबर मळून मऊ करणारं यंत्र त्यांनी बनवलं होतं. त्यांना प्रतिस्पर्धी न मानता मॅकिन्टॉश यांनी सोबत घेतलं आणि पुढे ते कंपनीत भागीदार झाले. कोटाचा दर्जा सुधारत गेला, पण कडक आणि चिकट होण्याचा दोष पूर्ण गेला नाही. दरम्यान अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये गंधक मिसळून तापवलेलं रबर टिकाऊ होतं हे सापडलं. इंग्लंडमध्ये हॅनकॉक यांनी या प्रक्रियेच्या पेटंटसाठी नोव्हेंबर 1843 मध्ये अर्ज केला.

आणि मॅकिन्टॉश? ते 25 जुलै 1843 रोजी, वयाच्या 76 व्या वर्षी वारले होते. अवघे चार महिने आधी. आपला कोट निर्दोष झालेला त्यांना पाहता आला नाही.

मग फ्लीसचं काय?

फ्लीस या शब्दाचा मूळ अर्थ मेंढीची कातरलेली लोकर. पण आजचं फ्लीस बहुतेक पॉलिएस्टरचं असतं. पॉलिएस्टरचा धागा स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही. मग जॅकेट भिजलं कसं? कारण धाग्यांच्या मध्ये हवा असते. ऊब मिळते ती त्या हवेमुळेच. जोराच्या पावसात पाणी त्याच मोकळ्या जागांत घुसतं, हवा हाकलली जाते आणि ऊबही जाते. धाग्यात तेल नाही, मध्ये थर नाही, मग पाणी अडवणार कोण?

काही फ्लीसवर पाणी ओघळून जाईल असा लेप देतात. तो रिमझिम पाऊस थोडा वेळ सोसतो आणि धुण्यागणिक कमी होत जातो. भर पावसात टिकायचं तर दोन कापडांच्या मध्ये पाणी अडवणारा पातळ पडदा लागतो. म्हणजे पुन्हा मॅकिन्टॉश यांचंच सँडविच! 1969 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर यांनी ज्या पदार्थाचा शोध लावला, त्याच्या पडद्याची छिद्रं इतकी सूक्ष्म असतात की थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. शिवणीवर आतून पट्टी चिकटवतात. त्यांच्या सगळ्या तक्रारींना एकेक करून उत्तर मिळालं, पण त्याला दीडशे वर्षं लागली.

म्हणून पालकहो, जॅकेट घेताना जाडी पाहू नका. आत पडदा आहे का, शिवणीवर पट्टी आहे का ते पाहा. नसेल तर फ्लीस थंडीसाठी, आणि पावसात त्यावर साधा रेनकोट.

वर्गात करून पाहा

1. सुती, लोकरी आणि फ्लीसच्या चिंधीवर थेंब टाका. कुठे मुरतो, कुठे थांबतो ते मुलांना नोंदवायला सांगा.
2. सुती चिंधीवर मेणबत्ती घासून पुन्हा थेंब टाका.
3. दोन चिंध्यांच्या मध्ये प्लास्टिकची पिशवी ठेवून सँडविच करा. आधी तसंच पाणी ओता, मग सुईने भोकं पाडून पाणी ओता आणि हलकं दाबा.
4. हाताला पाच मिनिटं पिशवी बांधून ठेवा. घामाची अडचण न सांगता कळेल.

माझ्या वर्गात तिसरा प्रयोग त्याच मुलाने केला. पाणी झिरपल्यावर शिंप्याची चूक त्यानेच सर्वांना समजावली. त्याच्या आईला मी शाळेत बोलावून माझी चूक सांगितली. ती हसली आणि म्हणाली की बाईंनाही शिकायला लागतंच की!

आता परीक्षेत तो एक ओळीचा प्रश्न आला की मुलं मॅकिन्टॉश हेच उत्तर लिहितात आणि ते बरोबरही आहे. पण त्या नावाच्या मागे चीक गोळा करणारे आदिवासी, साइम, हॅनकॉक आणि गुडइयर उभे आहेत हे त्यांना ठाऊक असतं. एका शोधात दुसऱ्याचं नाव पुढे गेलं, दुसऱ्या शोधात मॅकिन्टॉश यांचं. शोध एकट्याचा नसतो, आणि पहिल्या प्रयत्नात पूर्णही होत नाही. आपल्या मुलांना एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तुमच्या वर्गात प्रयोग केलात तर मुलांनी काय नोंदी केल्या ते नक्की कळवा.