गाळातल्या जिवाणूंचा भाष्यकार

सूर्यप्रकाश आणि सेंद्रिय अन्न यांवाचूनही, केवळ रसायनांतून मिळणाऱ्या ऊर्जेवर जीवसृष्टी तग धरू शकते, हे जगाला प्रथम दाखवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे सर्गेई विनोग्रादस्की. त्यांचा जन्म १८५६ साली कीव्ह येथे झाला. कायद्याचे शिक्षण त्यांना रुचले नाही. सेंट पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात काही काळ पियानोची साधना करून अखेरीस ते निसर्गविज्ञानाकडे वळले.

१८८५ मध्ये ते स्ट्रासबर्गला गेले. गंधकयुक्त झऱ्यांत वाढणारा बेगियाटोआ हा तंतुरूप जिवाणू तेथे त्यांनी अभ्यासासाठी निवडला. हायड्रोजन सल्फाइड मिळाले की त्याच्या पेशींत गंधकाचे कण साठत आणि हा वायू बंद केला की ते नाहीसे होत. या साध्या निरीक्षणावरून, हा जिवाणू सल्फाइडचे ज्वलन करून ऊर्जा मिळवतो, असा निष्कर्ष त्यांनी १८८७ मध्ये मांडला. पुढे झुरिच येथे त्यांनी अमोनियाचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणाऱ्या जिवाणूंचा छडा लावला.

या शोधाचे मोल आज किनारी समुद्रांत जाणवते. पाण्यातील प्राणवायू घटला की तळाच्या गाळातील काही जिवाणू श्वसनासाठी सल्फेट वापरतात आणि त्यातून विषारी हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. बेगियाटोआ व त्याचे भाईबंद हा वायू वाटेतच अडवतात. त्यांच्यापैकी अनेक जण पेशीत नायट्रेट साठवून प्राणवायूची उणीव भरून काढतात. नामिबियाच्या किनाऱ्यावरील गाळात सापडलेला, नुसत्या डोळ्यांना दिसणारा महाकाय गंधक-जिवाणू १८९९ नव्हे, तर तब्बल शतकानंतर, १९९९ मध्ये जगापुढे आला. हा पहारा अपुरा पडला की सल्फाइड पाण्यात उसळतो आणि मासे मरतात. आपला पश्चिम किनाराही या संकटापासून दूर नाही. पावसाळ्याच्या अखेरीस तेथील उथळ पाण्यात प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड आढळल्याचे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केले.

विनोग्रादस्कींचे आयुष्य मात्र सरळ रेषेत गेले नाही. १८९१ पासून सेंट पीटर्सबर्गच्या प्रायोगिक वैद्यक संस्थेत त्यांनी काम केले. पुढे प्रकृतीच्या कारणाने संशोधन सोडून ते युक्रेनमधील आपल्या जमीनजुमल्यावर राहू लागले. रशियन क्रांतीने तेही हिरावून नेले. बेलग्रेडमार्गे ते फ्रान्सला पोचले आणि १९२२ मध्ये, वयाची पासष्टी ओलांडल्यावर, पाश्चर संस्थेच्या ब्री-कोंत-रोबेर येथील प्रयोगशाळेत त्यांनी नव्याने संशोधन आरंभले. जिवाणू प्रयोगशाळेतल्या पोषकद्रव्यात नव्हे, तर त्याच्या मूळ अधिवासातच पारखावा, हा त्यांचा आग्रह होता. १९५३ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

काचेच्या नळकांड्यात चिखल व पाणी भरून रंगीबेरंगी जिवाणूंचे थर वाढवण्याची त्यांची पद्धत आजही विद्यार्थ्यांना शिकवली जाते. श्वास कोंडलेल्या समुद्रांचे भवितव्य पाण्याइतकेच तळाच्या गाळातही ठरते, याची ती मूक साक्ष आहे.