जांबचा नारायण आणि तरुण राजाला लिहिलेले पत्र

जांब समर्थ (जि. जालना) : घनसावंगी तालुक्यातील या गावाचे मूळ नाव नुसते जांब. त्याला जोडलेले ‘समर्थ’ हे उपपद याच गावात जन्मलेल्या एका मुलाने पुढे मिळविले. समर्थ रामदासांची ओळख बहुतेकांना मनाच्या श्लोकांमुळे, दासबोधामुळे आणि मारुतीच्या देवळांमुळे असते. राज्यकारभाराविषयी त्यांनी केलेले चिंतन मात्र ते शिवाजी महाराजांचे गुरू होते की नव्हते, या एकाच वादात अडकून पडले आहे. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी एका तरुण राजाला लिहिलेले पत्र वाचले, की त्या वादापलीकडचे समर्थ दिसू लागतात.

नारायण सूर्याजी ठोसर यांचा जन्म शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीला, म्हणजे १६०८ च्या रामनवमीला झाला. वडील सूर्याजीपंत, आई राणूबाई, थोरले बंधू गंगाधर. हा मुलूख तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होता आणि मलिक अंबर मोगलांशी झुंजत होता. वडिलांचे छत्र लवकर हरपले. बाराव्या वर्षी लग्न ठरले. मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच नवरा मुलगा बोहल्यावरून निघून गेला, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते.

नारायण नाशिकजवळच्या टाकळीला पोहोचला. परंपरेनुसार तेथे बारा वर्षे तपश्चर्या आणि त्यानंतर बारा वर्षे देशभर भ्रमंती झाली. टाकळी सोडली तेव्हा दख्खन १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळातून नुकते बाहेर येत होते. ओस पडलेली गावे, लष्करांच्या टाचांखाली तुडवलेली शेते आणि दाही दिशांना पांगलेली कुटुंबे त्यांनी पायी फिरताना पाहिली. आपल्या काव्यात त्यांनी या हलाखीची वर्णने केली आहेत. लोकांचे दुःख त्यांनी मठात बसून ऐकलेले नव्हते.

१६४४ च्या सुमारास समर्थ कृष्णाकाठी आले. १६४८ मध्ये चाफळला राममंदिर उभे राहिले. मसूर, उंब्रज, शहापूर, बहे, शिराळे अशा गावी अकरा मारुतींची स्थापना झाली. त्याबरोबरच मठांचे जाळे विणले गेले. कल्याणस्वामी डोमगावला राहिले, भीमस्वामी तंजावरला गेले. बालविधवा असलेल्या वेणाबाईंना कीर्तनाचा अधिकार देऊन त्यांच्याकडे मिरजेचा मठ सोपविण्यात आला. त्या काळाचा विचार करता हा निर्णय धाडसाचाच होता. हे मठ वेगवेगळ्या सत्तांच्या मुलखांत पसरले होते. राज्यांच्या सीमा बदलत राहिल्या, तरी माणसे जोडण्याचे काम चालू राहिले.

दासबोधाचे लेखन शिवथरच्या घळीत झाले, असे संप्रदाय मानतो. वीस दशक आणि दोनशे समासांच्या या ग्रंथात अकराव्या आणि एकोणिसाव्या दशकांत राजकारणावर स्वतंत्र समास आहेत. माणसांची पारख कशी करावी, कोणाला कोणते काम द्यावे, फुटलेली मने कशी सांधावीत, मनातला बेत किती उघड करावा, असे अगदी व्यवहारी प्रश्न तेथे हाताळलेले दिसतात. परमार्थाच्या ग्रंथात असा विचार येणे, हे समर्थांचे वेगळेपण होय.

शिवाजी महाराजांची आणि समर्थांची भेट केव्हा झाली, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. संप्रदायाची परंपरा १६४९ हे साल सांगते. दुसरीकडे, संप्रदायाच्याच कागदांतील १६५८ आणि १६७२ च्या पत्रांवरून ही भेट १६७२ मध्ये झाली असावी, असे अनेक इतिहाससंशोधक मानतात. त्यानंतरच्या संबंधांना मात्र कागदपत्रांचा आधार आहे. १६७६ मध्ये समर्थ सज्जनगडावर मुक्कामास येणार म्हणून त्यांची व्यवस्था ठेवण्याची आज्ञा महाराजांनी गडाच्या हवालदाराला दिली. महाराजांनी राज्य स्वतःच्या बुद्धीने आणि सवंगड्यांच्या बळावर उभारले. समर्थांबद्दल आदर बाळगल्याने त्या कर्तृत्वाला कोठेही उणेपणा येत नाही.

३ एप्रिल १६८० रोजी महाराजांचे रायगडावर निधन झाले आणि राज्यावर दुहेरी संकट कोसळले. काही प्रधानांनी राजारामांना गादीवर बसविले. संभाजीराजांनी रायगड ताब्यात घेतला आणि जानेवारी १६८१ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला. पण कटकारस्थाने थांबली नाहीत. त्याच वर्षी अण्णाजी दत्तो यांच्यासह थोरल्या महाराजांच्या काळातील काही मातब्बर माणसांना देहदंड झाला. बाहेर परिस्थिती याहून बिकट होती. बापाविरुद्ध बंड करून शहजादा अकबर संभाजीराजांच्या आश्रयाला आला आणि पाठोपाठ १६८१ च्या नोव्हेंबरमध्ये खुद्द औरंगजेब बुऱ्हाणपुरास पोहोचला.

अशा या धामधुमीच्या काळात सज्जनगडावरील वृद्ध संन्याशाने तरुण छत्रपतींना ओवीबद्ध पत्र लिहिले. त्यात आशीर्वादाचा मजकूर थोडा आणि कारभाराचा सल्ला अधिक आहे. राजाने राग आवरावा. झाले गेले अपराध पोटात घालून लोकांना पुन्हा कामाला लावावे. मने दुखावलेली ठेवली, तर त्या फटीतून शत्रू आत येतो. आपसांत भांडण झाले, की तिसऱ्याचे फावते. सर्वांना एका विचारात आणून मग परचक्रावर तुटून पडावे. असलेले राज्य सांभाळून त्यात भर घालावी. आणि प्रत्येक पावलावर पित्याचे वागणे, बोलणे, माणसे जोडण्याची हातोटी आठवावी, असा त्या पत्राचा आशय आहे.

घरातील एकी हाच परराज्याशी वागण्याचा पाया, हे या पत्राचे सूत्र. त्यानंतर शंभरावर वर्षांनी, १७९६ मध्ये, अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी सत्ता सोडताना देशवासीयांना उद्देशून लिहिलेल्या निरोपाच्या निवेदनातही गटबाजीमुळे परकीय सत्तांना घरात शिरकाव मिळतो, असा इशारा दिला होता. वॉशिंग्टन आठ वर्षे देशाचा कारभार पाहून बोलत होते. समर्थांकडे कोणतेही पद नव्हते. तरीही दोघांना दिसलेला धोका एकच होता.

पत्राचा परिणाम किती झाला, हे मोजता येत नाही. संभाजीराजांनी चाफळच्या देवस्थानाची व्यवस्था पुढे चालू ठेवली आणि आठ वर्षे एकाच वेळी अनेक आघाड्यांवर शत्रूशी झुंज दिली. १६८९ मध्ये ते पकडले गेले आणि त्यांची क्रूर हत्या झाली. पण राज्य संपले नाही. राजाराम आणि ताराबाई यांच्या काळात मराठे १७०७ पर्यंत औरंगजेबाशी लढत राहिले. फितुरीने किल्ले गेले आणि एकजुटीने परत मिळाले, याची उदाहरणे त्या पर्वात पानोपानी सापडतात.

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे जानेवारी १६८२ मध्ये, समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. ही तिथी दासनवमी म्हणून पाळली जाते. जांबला मात्र रामनवमीचे महत्त्व अधिक, कारण तो रामाचा आणि गावच्या मुलाचा जन्मदिवस. ऑगस्ट २०२२ मध्ये येथील मंदिरातून समर्थांच्या घराण्यातील पूजेच्या मूर्ती चोरीला गेल्या, तेव्हा सारे गाव हवालदिल झाले होते. पुढे पोलिसांनी त्यांचा माग काढला. मूर्तींची जशी काळजी वाहिली गेली, तशीच त्या पत्राचीही वाहिली जावी. गुरू-शिष्याच्या वादात ज्यांना दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलावेसे वाटते, त्यांनी तर ते आधी वाचावे. आपसांतले भांडण कोणाच्या पथ्यावर पडते, हेच त्यात सांगितले आहे.