रुखवतातली फुलं आणि रमाबाई

गेल्या पौर्णिमेची गोष्ट. वाडीत पौर्णिमेला गर्दी किती असते ते तुम्हांला ठाऊक आहेच. आमच्या शिवणवर्गातली एक सून नैवेद्याचं ताट घेऊन देवळाकडे निघाली होती. ताटावर तिनं स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल होता. सहा साखळ्यांचा गोल, त्यात बारा मुके खांब आणि दोन-दोन खांबांवर एकेक पाकळी. अशी सहा पाकळ्यांची फुलं चारी कोपऱ्यांत, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून कडेला मणी. दर्शनाला आलेल्या एका बाईंना तो इतका आवडला, की त्यांनी तिथंच किंमत विचारली. आमची सून लाजून लाल! असाच घेऊन जा म्हणाली. घरी आल्यावर सासूबाईंनीही तिचंच खरं केलं. हातचं काम काय विकायचं असतं, असं त्यांचं म्हणणं.

ही सून दोऱ्याच्या गुंड्या आणायला नवऱ्याकडे पैसे मागते, हे मला माहीत आहे. पण बोलणार काय? माझ्या आईनं माझ्या रुखवतात ठेवलेलं क्रोशाचं तोरण, विंझण्याची झालर, पाटावरची आसनं मीसुद्धा वर्षानुवर्षं ट्रंकेतच ठेवली होती. 2019 च्या महापुरात ट्रंक भिजली तेव्हा कुठं ती बाहेर निघाली. गाळानं काळं झालेलं तोरण दोनदा साबणात धुतलं, तर पुन्हा पांढरं स्वच्छ! आता ते दाराला आहे.

या प्रसंगानं मला रमाबाई रानडे आठवल्या. त्या आपल्या याच भागातल्या. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, तेच रमाबाईंचंही. 25 जानेवारी 1862 रोजी त्या कुर्लेकरांच्या घरी जन्मल्या. माहेरी मुलींना अक्षरओळख नव्हती. 1873 मध्ये, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न झालं न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांशी. न्यायमूर्तींचं बालपण कोल्हापुरात गेलेलं. त्यांची पहिली बायको वारली होती, वय तिशी ओलांडलेलं. सुधारक म्हणून त्यांनी विधवेशी लग्न करावं अशी सगळ्यांची अपेक्षा, पण वडिलांच्या हट्टापुढे ते नमले. लोकांनी त्यांना नावं ठेवली ती उगीच नव्हे, असं मला वाटतं. पण त्यांनी लग्नानंतर लगेचच त्या कोवळ्या मुलीच्या हातात पाटी दिली, हेही खरंच.

पुढचं पुष्कळ तुम्ही 2012 च्या ‘उंच माझा झोका’ मालिकेत बघितलं असेल. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना सुनेचं शिकणं मुळीच पटत नव्हतं. टोमणे, अबोला, कामात चुका काढणं सगळं झालं. शिकवायला येणाऱ्या इंग्रज बाईंना शिवल्यामुळे धडा संपला की अंघोळ करायची, असा दंडक होता. रमाबाईंनी उलट उत्तर दिलं नाही आणि पुस्तकही सोडलं नाही. दोन्ही एकदम सांभाळणं किती अवघड, ते एकत्र कुटुंबात राहिलेल्या बाईलाच कळेल.

1882 मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला, तेव्हा त्या तिथं जाऊ लागल्या. 1884 ला मुलींची हुजूरपागा शाळा सुरू झाली, त्या खटपटीतही त्या होत्या. 1893 मध्ये न्यायमूर्ती हायकोर्टाचे न्यायाधीश झाले आणि बिऱ्हाड मुंबईला गेलं. तिथं रमाबाईंनी बायकांचा क्लब काढला. त्यात भाषा आणि सामान्यज्ञान शिकवत, आणि त्याच्या जोडीला शिवणकाम आणि हस्तकला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वाचायला पाठवत नाही म्हणणारं घर शिवायला पाठवायला तयार होतं. एकदा उंबरठा ओलांडला की मग पुस्तकही हातात येतं!

16 जानेवारी 1901 ला न्यायमूर्ती गेले. रमाबाई अडतीस वर्षांच्या होत्या. वर्षभर त्या घराबाहेरच पडल्या नाहीत. त्या काळच्या विधवेचं आयुष्य तिथंच संपायचं. पण त्या उठल्या. येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जाऊ लागल्या, दवाखान्यात आजाऱ्यांसाठी फळं-फुलं नेऊ लागल्या. 2 ऑक्टोबर 1909 रोजी पुण्यात सेवासदन सुरू झालं. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. रमाबाई अध्यक्ष होत्या, आणि संस्थेला पहिली जागा मिळाली ती त्यांच्याच वाड्यात.

सेवासदनात विधवा यायच्या, नवऱ्यानं टाकलेल्या यायच्या, दिराच्या घरी दोन घासांसाठी राबणाऱ्या यायच्या. त्यांना तिथं शिक्षिका होता येई, परिचारिका होता येई. आणि ज्यांचं शाळेचं वय गेलं, त्यांच्यासाठी शिवण, विणकाम, भरतकाम. एरवी रुखवताच्या कौतुकापुरती असणारी सुई तिथं पोट भरण्याचं साधन झाली. विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला! परपुरुषाची सेवा करायची म्हणजे काय, असं लोक म्हणत. रमाबाई मागं हटल्या नाहीत.

आम्हां वाडीकरांना जवळची वाटावी अशी आणखी एक गोष्ट. उतारवयात त्या आषाढी-कार्तिकीला आळंदीला सेवासदनच्या स्वयंसेविका घेऊन जात आणि यात्रेत आलेल्या बायकांची मदत करत. यात्रेत बाईमाणसाचे किती हाल होतात, ते आम्ही घाटावर दर पौर्णिमेला बघतो.

1910 मध्ये त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक लिहिलं. 1921-22 मध्ये बायकांच्या मताधिकारासाठीही त्या झटल्या. 1924 मध्ये त्या गेल्या, तेव्हा पुण्याच्या सेवासदनात हजाराहून जास्त बायका शिकत होत्या. 1962 ला, जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांचं टपाल तिकीट निघालं.

हे सगळं मी एका दुपारी वर्गात सांगितलं. ती सून मान खाली घालून विणत होती. संपल्यावर तिनं वहीच्या पानावर हिशेब मांडला. दोरा, मणी आणि चार दुपारचे तास. ते तास लिहायला ती तयार नव्हती, मी लिहायला लावले. बेरीज दीडशेच्या वर गेली तेव्हा तीच चकित झाली.

आता नव्या रुमालाची दोन फुलं झाली आहेत. काल घरी गेले तर सासूबाई चष्मा लावून मणी ओवत बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, दीडशे काही जास्त होत नाहीत ना?